सायकल चोरीला गेली, विमा मिळेल का? दुकानदार आणि फेरीवाल्यांसाठी पूर्ण पाठ



दुकानाच्या विम्यावरचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. त्यात सायकलचा विषय दोन मिनिटांत उरकला होता. आज तो सविस्तर घेऊ. कोणी म्हणेल, "सर, सायकलचा कसला विमा? पाच-सात हजारांची वस्तू!" पण सेलूत सकाळी सहाला बाहेर पडून बघा. पेपरवाला, दूधवाला, पाव-खारीवाला, स्टेशनकडे चहाचा थर्मास घेऊन जाणारा, किराणा घरपोच देणारा पोऱ्या, सगळ्यांचा धंदा दोन चाकांवर आहे. सायकल गेली की त्या दिवसाची कमाई जाते. दुसऱ्या दिवशी लाइन चुकते आणि आठवड्यात गिऱ्हाईक दुसऱ्याकडे वळतं. नुकसान सायकलच्या किमतीपेक्षा मोठं असतं, म्हणून हे पैसे लवकर हातात येणं महत्त्वाचं आहे.

आजच्या पाठाचं एकच वाक्य लक्षात ठेवा: विमा कंपनी सायकलचे पैसे देत नाही, कागदावर लिहिलेल्या सायकलचे पैसे देते. पॉलिसीत काय लिहिलंय, बिलावर काय लिहिलंय आणि पोलीस स्टेशनला तुम्ही काय लिहून दिलंत, या तीन ठिकाणच्या शब्दांवर दावा उभा राहतो किंवा पडतो.

## पायरी १: सायकल कोणत्या पॉलिसीत आहे, ते आधी शोधा

मोटारसायकलचा विमा कायद्याने सक्तीचा आहे, सायकलचा नाही. सायकलला आरटीओची नोंदणी नाही आणि आरसी बुकही नाही. त्यामुळे तिचा विमा असलाच तर तो बहुतेक वेळा दुसऱ्या एखाद्या पॉलिसीच्या आत असतो.

दुकानदार पॉलिसी. दुकानासाठी जे एकत्रित पॅकेज मिळतं, त्यात वेगवेगळे विभाग असतात: आग, घरफोडी, रोख रक्कम, काच, निऑन बोर्ड वगैरे. अशा अनेक पॅकेजमध्ये 'पेडल सायकल' नावाचा स्वतंत्र विभाग असतो. पण तो आपोआप मिळत नाही. तुम्ही निवडलाय का, त्याचा प्रीमियम भरलाय का, आणि पॉलिसीच्या परिशिष्टात सायकलची रक्कम लिहिलीय का, हे तपासा. रकाना कोरा असेल तर संरक्षणही नाही.

गृहस्थ पॉलिसी. घराच्या पॅकेज पॉलिसीतही असा सायकलचा विभाग असू शकतो. सायकल धंद्यासाठी वापरत असाल तर तसा वापर चालतो का, हे कंपनीकडून लेखी घ्या.

'भारत गृह रक्षा' आणि 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा'. १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या या प्रमाणित पॉलिसी चांगल्या आहेत, पण त्या मुळात आग, पूर, वादळ यांसारख्या संकटांसाठी आहेत. त्यात चोरीचा उल्लेख आहे, तो अशा संकटानंतर सात दिवसांच्या आत आणि त्या संकटामुळे झालेल्या चोरीपुरता. बाजारात उभी केलेली सायकल कोणी नेली, तर त्यातून काही मिळणार नाही. बँकेने कर्जासोबत काढून दिलेला विमा अनेकदा याच प्रकारचा असतो. "बँकेत विमा आहे" एवढ्यावर निर्धास्त राहू नका.

बॅटरीची सायकल. २५० वॅटपर्यंतची आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतच वेग असलेली, नियमात बसणारी ई-सायकल नोंदणीतून सुटते. म्हणजे तिलाही सक्तीचा मोटार विमा नाही. पण किंमत साध्या सायकलच्या कितीतरी पट. 'पेडल सायकल' या शब्दात तुमची बॅटरीवाली बसते का, हे एजंटला तोंडी विचारू नका. कंपनीला ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा.

## पायरी २: 'चोरी' आणि 'घरफोडी' एक नाही

आपण बोलताना दोन्ही शब्द सारखेच वापरतो. विम्यात तसं नाही. घरफोडीच्या विभागात साधारण अशी अट असते की चोर बळजबरीने आत शिरला किंवा बाहेर पडला पाहिजे. म्हणजे कुलूप तोडलं, शटर उचकटलं, खिडकी फोडली, आणि त्याच्या खुणा दिसल्या पाहिजेत.

हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या २००४ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की पॉलिसीत बळजबरीची अट स्पष्ट लिहिली असेल, तर बळाचा वापर न होता झालेली चोरी त्या पॉलिसीत बसत नाही. फौजदारी कायद्यातली व्याख्या काहीही असो, विम्यात पॉलिसीतली व्याख्या चालते.

तुमच्यासाठी अर्थ काय?

- सायकल बंद दुकानात होती आणि शटर तोडून नेली: ती विमा काढलेल्या मालमत्तेत लिहिलेली असेल, तर घरफोडीच्या विभागात दावा बसू शकतो. तुटलेल्या कुलपाचा फोटो काढा, ते कुलूप फेकू नका.
- सायकल दुकानासमोर उभी होती आणि कोणी नेली: घरफोडीचा विभाग उपयोगाचा नाही. इथे 'पेडल सायकल' विभागच लागतो.
- कामावरचा मुलगा सायकल घेऊन गेला आणि परत आलाच नाही: हा विश्वासघाताचा प्रकार ठरतो. त्यासाठी नोकराच्या अप्रामाणिकपणाचा वेगळा विभाग असतो.

सायकलच्या विभागात काही गोष्टी सहसा वगळलेल्या असतात, त्याही बघून घ्या. सायकल तशीच राहिली आणि फक्त सीट, दिवा किंवा कॅरिअर गेलं, तर पैसे नाहीत. सायकल भाड्याने दिलेली असताना गेली, तर नाहीत. सायकली भाड्याने देणाऱ्यांनी हे खास वाचावं. सायकलला लावलेल्या पिशवीतली रोकड आणि क्रेटमधला माल ही सायकल नव्हे. रोकड आणि माल यांचे विभाग वेगळे.

## पायरी ३: पोलीस स्टेशनला काय लिहून द्यायचं

इथे सगळ्यात जास्त दावे बिघडतात. पहिला धोका आहे 'हरवली' या शब्दाचा. घाईत "सायकल हरवली" असं लिहून दिलं की नोंद 'गहाळ' म्हणून होते. विमा चोरीचा आहे, हरवण्याचा नाही. कोणीतरी नेली असं वाटत असेल तर स्पष्ट लिहा: "अज्ञात इसमाने चोरून नेली."

दुसरा मुद्दा नवीन कायद्याचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३(२) मध्ये चोरीचा गुन्हा आहे. सोबतच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे चोरीच्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर साधी चोरी अदखलपात्र गुन्हा ठरते. म्हणजे एफआयआर होत नाही, 'एनसी' नोंदवली जाते, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. जुनी सायकल या रेषेच्या अगदी आसपासच असते, त्यामुळे ही रेषा आपल्यासाठी महत्त्वाची.

मग काय करायचं?

किंमत खरी लिहा, पण पूर्ण लिहा. सायकलसोबत गेलेलं कुलूप, कॅरिअर, नवीन टायर, क्रेटमधला माल आणि रोकड हे सगळं चोरीला गेलेल्या मालात येतं. सायकल ४,२०० ची आणि सोबत १,१०० चा माल असेल, तर एकूण ५,३०० होतात. हे फुगवणं नाही, हा खरा हिशेब आहे. उलट तीन हजारांची सायकल नऊची दाखवलीत, तर पोलिसांना खोटी माहिती दिल्याचा गुन्हा होतो आणि विमा कंपनी पूर्ण दावा फेटाळते.

जागा नीट लिहा. राहत्या घरातून किंवा माल ठेवायच्या इमारतीतून चोरी झाली असेल तर कलम ३०५ लागतं. ते दखलपात्र आहे, तिथे पाच हजारांची रेषा येत नाही. हेच कलम माल वाहून नेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या वाहतूक साधनाच्या चोरीलाही आहे. तुमच्या सायकलवरून रोज माल जातो, तर अर्जात तसं लिहा. कोणतं कलम लावायचं हे पोलीस ठरवतील, पण वस्तुस्थिती कागदावर यायला हवी.

हद्दीत अडकू नका. माल द्यायला मानवतला गेलात आणि सायकल तिथे गेली, तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती सेलू पोलीस स्टेशनलाही देता येते. यालाच 'झिरो एफआयआर' म्हणतात. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते, हा तुमचा हक्क आहे. नोंद घ्यायला नकार मिळाला तर तोच मजकूर परभणीला पोलीस अधीक्षकांकडे रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

अर्जाचा नमुना असा:

> प्रति, मा. पोलीस निरीक्षक, पोलीस स्टेशन सेलू, जि. परभणी.
>
> विषय: सायकल चोरीला गेल्याबाबत तक्रार.
>
> महोदय, मी खाली सही करणार ____, रा. ____, व्यवसाय ____. दि. ____ रोजी सकाळी ____ वाजता मी माझी ____ कंपनीची, ____ रंगाची सायकल, फ्रेम नंबर ____, ही ____ येथे कुलूप लावून उभी केली होती. सदर सायकल मी व्यवसायाचा माल वाहून नेण्यासाठी वापरतो. ____ वाजता परत आलो असता सायकल जागेवर दिसली नाही. आजूबाजूला शोध घेतला, ____ यांच्याकडे विचारपूस केली, परंतु मिळून आली नाही. माझी खात्री झाली आहे की अज्ञात इसमाने ती चोरून नेली आहे. सायकलची आजची किंमत रु. ____ व सोबत गेलेल्या वस्तूंची किंमत रु. ____, एकूण रु. ____ आहे. खरेदी बिलाची प्रत व फोटो सोबत जोडला आहे. तरी गुन्हा नोंदवून प्रत मिळावी, ही विनंती.

दोन प्रती न्या. एकीवर तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्या. "नंतर या" असं सांगितलं तरी पोच त्याच दिवशी घ्या.

## पायरी ४: त्याच दिवशी कंपनीला कळवा

पोलीस स्टेशनहून घरी येईपर्यंत कंपनीच्या टोल फ्री नंबरवर फोन करा, दावा क्रमांक घ्या, आणि लगेच चार ओळींचा ईमेल टाका. एजंटला सांगणं म्हणजे कंपनीला कळवणं नव्हे. त्याला सांगा, पण कंपनीला स्वतः लिहा.

उशीर झालाच असेल तर लगेच हार मानू नका. आयआरडीएआयने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकातच कंपन्यांना सांगितलं आहे की केवळ उशिरा कळवलं म्हणून खरा दावा यांत्रिकपणे नाकारू नये. गुरशिंदर सिंग विरुद्ध श्रीराम जनरल इन्शुरन्स या प्रकरणात ट्रॅक्टर चोरीला गेला होता. एफआयआर त्याच दिवशी झाली होती, कंपनीला मात्र ५२ दिवसांनी कळवलं गेलं. २४ जानेवारी २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने म्हटलं की पोलिसांकडे तक्रार वेळेत झाली आणि चोरी खरी आहे, तर फक्त कंपनीला उशिरा कळवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. निकाल मोटार वाहनाचा आहे, पण कंपनीला पत्र लिहिताना हा दाखला उपयोगी पडतो. पोलिसांकडचा उशीर मात्र तुम्हाला महागात पडतो.

सोबत जोडायचे कागद:

१. दाव्याचा फॉर्म आणि पॉलिसीची प्रत
२. खरेदी बिल
३. फ्रेम नंबर दिसणारा फोटो, सायकलसोबतचा तुमचा फोटो
४. एफआयआर किंवा एनसीची प्रत
५. कुलपाच्या किल्ल्या
६. बँक पासबुकची प्रत किंवा रद्द केलेला चेक

आता अडचणीची जागा. कंपनी म्हणते, "पोलिसांचा अंतिम अहवाल आणा." गुन्हा खरा आहे पण आरोपी आणि माल मिळत नाही, तेव्हा आपल्याकडे पोलीस न्यायालयात 'अ समरी' पाठवतात. त्याला महिने लागू शकतात. तपास अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज देऊन ठेवा. आणि तुमची नोंद एनसी असेल तर 'अ समरी' येणारच नाही, कारण तपासच झालेला नाही. अशा वेळी कंपनीला सरळ लिहा: "मालाची किंमत पाच हजारांखाली असल्याने कायद्याने हा गुन्हा अदखलपात्र आहे, त्यामुळे एफआयआर व अंतिम अहवाल उपलब्ध होऊ शकत नाही. एनसीची प्रत ग्राह्य धरावी." आयआरडीएआयच्या जून २०२४ च्या मुख्य परिपत्रकात म्हटलं आहे की कागदपत्रं नाहीत एवढ्याच कारणावरून दावा फेटाळू नये, आणि दाव्याशी खरंच संबंध असलेलेच कागद मागावेत. पत्रात याचा उल्लेख करा.

## पायरी ५: हातात किती येतील?

समजा, एका पाववाल्याची सायकल दोन वर्षांपूर्वीची आहे. तशीच नवीन आज ९,००० ला मिळते. पॉलिसीत विमा रक्कम ९,००० लिहिलीय. कंपनीने २० टक्के घसारा धरला, म्हणजे १,८०० वजा. राहिले ७,२००. पॉलिसीत पहिले ५०० रुपये स्वतः सोसायची अट आहे. हातात आले ६,७००.

आता समजा, प्रीमियम वाचवायला त्याने विमा रक्कम ४,५०० च लिहिली होती. तर कमाल ४,५००, त्यातून ५०० वजा, हातात ४,०००. सायकल तीच आणि चोरीही तीच, पण एका आकड्यामुळे २,७०० रुपये गेले. हे आकडे समजण्यापुरते आहेत. तुमच्या पॉलिसीतला घसारा आणि वजावट वेगळी असेल, ती पेन्सिलने मांडून बघा.

हिशेब उलटाही करा. अडीच हजारांची जुनी सायकल असेल तर वजावट आणि घसारा जाऊन फार काही उरत नाही. तिथे चांगली साखळी आणि कुलूप हाच विमा. महागडी सायकल, बॅटरीची सायकल किंवा दुकानाच्या तीन-चार सायकली असतील तर विभाग जरूर घ्या.

## पायरी ६: नकार आला तर

फोनवरचा नकार हा नकार नव्हे. कारण आणि पॉलिसीतलं कलम, दोन्ही लेखी मागा. मग या क्रमाने चढा:

कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी. लेखी तक्रार करा. कंपनीने १४ दिवसांत निपटारा करायचा असतो.

आयआरडीएआयचं 'बिमा भरोसा' पोर्टल किंवा १५५२५५ हा टोल फ्री क्रमांक. इथून तक्रार कंपनीकडे जाते आणि तिच्यावर नजर राहते.

विमा लोकपाल. परभणी जिल्ह्यासाठी पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीने तक्रार नाकारली, किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, किंवा दिलेल्या उत्तराने समाधान झालं नाही, तर इथे जा. मुदत एक वर्ष. वैयक्तिक पॉलिसीधारकच नव्हे, तर एकल मालकीचा व्यवसाय आणि सूक्ष्म उद्योग यांच्या पॉलिसीची तक्रारही लोकपाल घेतात. म्हणजे तुमचं किराणा दुकान यात बसतं. उद्यम नोंदणी केली नसेल तर ती करून ठेवा, सूक्ष्म उद्योग असल्याचा पुरावा होतो.

जिल्हा ग्राहक आयोग, परभणी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथेच तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस मुंबईत असलं तरी. मुदत दोन वर्षं. तुम्ही भरलेला मोबदला, म्हणजे इथे प्रीमियम, पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. एकाच वेळी लोकपाल आणि आयोग दोन्हीकडे जाऊ नका, एक मार्ग निवडा.

## सायकल सापडली तर?

पैसे मिळण्याआधी सापडली तर कंपनीला कळवा आणि दावा मागे घ्या किंवा नुकसानीपुरता ठेवा. पोलिसांकडे जमा असेल तर ती 'मुद्देमाल' असते. न्यायालयात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर परत घ्यावी लागते, आणि तिथेही पहिला प्रश्न हाच असतो: "ही तुमचीच कशावरून?" पैसे मिळाल्यानंतर सापडली तर तिच्यावर कंपनीचा हक्क असतो. गुपचूप दोन्ही ठेवणं ही फसवणूक आहे.

## आजचा गृहपाठ: पंधरा मिनिटं

पूर्वी पुण्यासारख्या शहरांत सायकलला नगरपालिकेचा पितळी बिल्ला असायचा, तोच तिची ओळख. आता ती सोय नाही, ओळख आपणच तयार करायची.

- सायकल उलटी करा. पायडलची दांडी फ्रेममध्ये जिथे बसते तिथे खाली नंबर ठोकलेला असतो. तिथे नसेल तर सीटखालच्या नळीवर बघा. माती पुसा आणि फोटो काढा.
- बिल काढा. त्यावर फ्रेम नंबर नसेल तर दुकानदाराकडून लिहून शिक्का घ्या. जुनी सायकल घेतली असेल तर विकणाऱ्याकडून साध्या कागदावर विक्रीची पावती, सही आणि फ्रेम नंबरसह.
- हे सगळे फोटो स्वतःलाच व्हॉट्सॲप करा आणि घरातल्या एका माणसालाही पाठवा.
- पॉलिसी उघडा. 'पेडल सायकल' हे शब्द आणि त्यापुढची रक्कम शोधा. सापडली नाही, तर आजच एजंटला फोन करून नूतनीकरणाच्या वेळी हा विभाग जोडायला सांगा.

ज्याच्याकडे हे चार कागद आहेत, त्याला पोलीस स्टेशनला वीस मिनिटं लागतात. ज्याच्याकडे नाहीत, त्याला निळी होती की काळी यावरूनच सुरुवात करावी लागते. हा गृहपाठ आज रात्री दुकान बंद करायच्या आधी उरका, आणि शेजारच्या दुकानदारालाही पाठवा. पुढच्या पाठात दुकानातल्या रोकडीच्या विम्याचा विभाग घेऊ: गल्ल्यातली रोकड, बँकेत नेताना गेलेली रोकड, आणि त्यात कंपन्या कोणता पुरावा मागतात. भेटूया!